राजा ऋणको, वृद्ध धनको

कर्जाच्या व्यवहारातील दोन पक्षांसाठी मराठीत धनको आणि ऋणको असे नेमके शब्द आहेत, आणि या दोघांपैकी दुबळा कोण हे भारतीय धर्मविचाराने जवळजवळ गृहीतच धरलेले आहे: दुबळा तो ऋणको. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात वसिष्ठाच्या नावाने दिलेला व्याजदर महिन्याला मुद्दलाचा ऐंशीवा भाग, म्हणजे दरसाल १५ टक्के, इतका आहे. कौटिल्यानेही शंभर पणांवर महिन्याला सव्वा पण हाच दर धर्म्य मानला आणि रानावनातून वा समुद्रावरून माल नेणाऱ्यांसाठी धोक्याच्या मानाने तो चढवीत नेला. त्याच आठव्या अध्यायात ऋणकोचा वर्ण जसजसा उतरेल तसतसे व्याज महिन्याला शेकडा दोनपासून शेकडा पाचपर्यंत चढते, ही गोष्ट मात्र स्मृतींचे गोडवे गाताना सहसा सांगितली जात नाही. तरीही या परंपरेने एक मर्यादा निक्षून घातली, आणि ती म्हणजे दामदुप्पट: व्याज कितीही वर्षे साचले तरी एका वेळी मुद्दलापेक्षा अधिक व्याज मागता येणार नाही. इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यातील न्यायालयांनी हिंदू ऋणकोंना हा नियम लागू केला, १८७५ मध्ये सुपे येथून सुरू झालेल्या दंग्यांनंतर आलेल्या १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने न्यायालयांना सावकाराच्या जुन्या हिशेबात शिरण्याचा अधिकार दिला, आणि मुद्दलाहून जास्त व्याज वसूल होऊ नये हे तत्त्व महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी नियमन कायद्यातही टिकून आहे. हजारो वर्षांची ही सारी खटपट एका चित्रासाठी आहे: ओट्यावर वही उघडून बसलेला सावकार आणि पायरीखाली उभे असलेले कूळ.

निवृत्त माणसाच्या प्रश्नाकडे वळले की हे चित्र उलटे होते. राष्ट्रीय कर्ज म्हणजे सरकारने आजवरची तूट भरून काढण्यासाठी रोख्यांवर आणि ठेवींवर उचललेली, अद्याप न फेडलेली एकूण रक्कम. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात सुमारे ५०.६५ लाख कोटी रुपयांच्या एकूण खर्चापैकी १२.७६ लाख कोटी रुपये निव्वळ व्याजापोटी धरलेले होते, म्हणजे खर्चाच्या रुपयातले चार आणे मागील उधारीच्या व्याजात जातात. महाराष्ट्र राज्याच्या डोक्यावरील कर्जाचा त्याच वर्षाचा अंदाज ९.३ लाख कोटींच्या घरात होता. हे कर्ज बहुतांशी देशांतर्गत आहे, आणि म्हणूनच ते देणारा कोण, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. बँकांना आपल्या ठेवींचा ठरावीक भाग, अलीकडे १८ टक्के, मुख्यतः सरकारी रोख्यांत ठेवावा लागतो. आयुर्विमा महामंडळ आणि भविष्य निर्वाह निधी हे रोख्यांचे मोठे गिऱ्हाईक. आणि पोस्टातील बचत राष्ट्रीय अल्पबचत निधीतून सरकारच्याच हाती जाते. लातूर जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, नांदेडच्या हद्दीला लागून असलेल्या जळकोटसारख्या तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक फंडाची रक्कम बँकेत मुदतठेवीत ठेवतो, किंवा एखादी विधवा पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेचे पासबुक पिशवीत जपून ठेवते, तेव्हा ती दोघे थेट वा आडवळणाने सरकारला उसने देत असतात. या व्यवहारात राजा ऋणको आहे आणि म्हातारी सावकार आहे. सावकार या शब्दाला मराठवाड्याच्या खेड्यात जो धाक चिकटलेला आहे, त्यातला कणभरही तिच्या वाट्याला येत नाही.

दामदुपटीने ऋणकोचा तोटा बांधून ठेवला, पण धनकोचा तोटा बांधणारा नियम स्मृतींनी केला नाही, कारण चलनात दिलेले मुद्दल घरातल्या घरात झिजू शकते ही कल्पना त्यांच्या पैशाच्या विचारात फारशी नव्हती. चलनवाढ म्हणजे सर्वसाधारण किमती सतत चढत जाणे, किंवा तीच गोष्ट उलट बाजूने सांगायची तर रुपयाची खरेदीची ताकद उतरत जाणे. ठेवीवर लिहिलेल्या व्याजातून चलनवाढीचा दर वजा केल्यावर जे उरते त्याला वास्तव व्याज म्हणतात, आणि म्हातारपणाचा दाणापाणी या उरलेल्या आकड्यावर चालतो, पासबुकातल्या आकड्यावर नव्हे. २०२०-२१ मध्ये मोठ्या बँकांच्या एक वर्षाच्या मुदतठेवीचा दर ५ टक्क्यांच्या आसपास होता आणि ग्राहक किंमत निर्देशांकानुसार महागाईची सरासरी ६.२ टक्के होती. अशा वर्षी १० लाखांच्या ठेवीवर ५० हजार रुपये व्याज जमा झाले, तर त्याच वर्षी मुद्दलाची साधारण ६० हजारांची ताकद ओसरली. व्याज खाल्ले असे समजणाऱ्या माणसाने प्रत्यक्षात ते सगळे व्याज आणि वर मुद्दलाचाही लचका खाल्लेला होता. महागाई ६ टक्क्यांनी वाढत राहिली तर रुपयाची ताकद साधारण १२ वर्षांत निम्म्यावर आणि २४ वर्षांत चतकोरावर येते. साठीला निवृत्त झालेला माणूस चौऱ्याऐंशीव्या वर्षी नेमका त्या चतकोरापाशी पोचतो, आणि तोपर्यंत कमावण्याची उमेदही राहिलेली नसते.

याच काळात ऋणकोचे काय होते हे पाहण्यासारखे आहे. किमती वाढल्या की कराचे उत्पन्न रुपयांत वाढते, पण रोख्यावर छापलेली रक्कम तितकीच राहते, म्हणून जुने कर्ज हलके होते. आणि व्याजदर महागाईच्या खाली राहिले तर सरकार कर्ज न फेडताही काही अंशी फेडत असते. अर्थशास्त्रात याला वित्तीय दमन असे भारदस्त नाव आहे. हे नेहमीच घडते असे मात्र नाही. २०२४-२५ मध्ये महागाईची सरासरी ४.६ टक्क्यांवर उतरलेली असताना ज्येष्ठ नागरिक बचत योजनेवर ८.२ टक्के मिळत होते, आणि त्या वर्षी वृद्ध धनको फायद्यात होता. पण निवृत्तीची सुरक्षितता म्हणजे एखाद्या बऱ्या वर्षाचे व्याज नव्हे. पुढली वीस-पंचवीस वर्षे कोणाच्या भरवशावर काढायची, हा तो प्रश्न आहे.

मग चलनवाढ ही चोरी आहे काय? अस्तेय, म्हणजे न दिलेले न घेणे, हे व्रत जैन, बौद्ध आणि योग या तिन्ही परंपरांत मूलभूत मानलेले आहे, आणि निवृत्ताच्या ठेवीची घटलेली ताकद त्याने कोणाला दिलेली नसते हे उघड आहे. युरोपात चौदाव्या शतकात निकोल ओरेम या धर्मपंडिताने नाण्यातील धातू कमी करणाऱ्या राजाला सावकाराहून वाईट ठरवले होते; त्याचा युक्तिवाद असा की सावकाराकडे माणूस निदान आपल्या पायाने जातो, राजाचे हलके नाणे मात्र त्याच्या संमतीशिवाय त्याच्या कनवटीला येते, आणि नाणे मुळात राजाचे नसून समाजाचे असते. भारतीय परंपरेत या युक्तिवादाच्या जवळ जाणारे वचन शोधायचे तर ते व्याजाच्या प्रकरणात सापडत नाही, वजनमापांच्या प्रकरणात सापडते. राजाने तराजू आणि मापे दर सहा महिन्यांनी पुन्हा तपासून घ्यावीत असा मनुस्मृतीचा आदेश आहे, आणि रुपया हे जर मूल्याचे माप असेल तर त्याच्या झिजण्याचा दोष माप राखणाऱ्यावर येतो. योगायोगाची गोष्ट अशी की सरकारी निवृत्तिवेतनधारकांची महागाईवाढही आज जानेवारी आणि जुलै अशी दर सहा महिन्यांनीच ठरते. माप तपासण्याचा तो जुना राजधर्म एका गटापुरता का होईना, चालू आहे.

मापाचा हा विचार आधुनिक काळात सर्वांत काटेकोरपणे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केला. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्याचा कणा हाच आहे की रुपया सोन्याच्या वा पौंडाच्या तुलनेत स्थिर राहिला म्हणून भागत नाही, वस्तूंच्या तुलनेत, म्हणजे सामान्य माणसाच्या खरेदीत, तो स्थिर राहिला पाहिजे. आणि चलन काढणाऱ्याच्या विवेकावर विसंबण्यापेक्षा चलन काढण्यालाच मर्यादा असावी. २०१६ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या कायद्यात दुरुस्ती होऊन महागाई ४ टक्क्यांच्या आसपास, २ टक्के खालीवर, राखण्याचे उद्दिष्ट बँकेवर सोपवले गेले, त्यात या चिंतेचा दूरचा प्रतिध्वनी आहे. तरी ४ टक्के हेसुद्धा झिजणेच आहे, फक्त बेताने आणि आधी सांगून केलेले.

मात्र चोरी हा शब्द वापरताना हात थोडा आखडावा लागतो, कारण एकाच घरात दोन्ही पक्ष नांदत असतात. सोयाबीन आणि तुरीच्या पेरणीसाठी पीककर्ज काढणारा मुलगा ऋणको आहे, त्याला व्याजदर उतरलेले हवेत आणि भाव चढलेले. त्याच घरातील निवृत्त बाप धनको आहे, त्याला याच्या बरोबर उलट हवे. बापाचे व्याज वाढले की मुलाचा हप्ता वाढतो. सरकारने काढलेल्या कर्जातून गावची शाळा आणि तलाव झाला असेल तर त्याचा लाभ घेतलेल्यांमध्ये तो बापही असतो. तेव्हा चलनवाढीतील अन्याय तिच्या अस्तित्वात कमी आणि तिच्या वाटपात जास्त आहे: ज्याला तिच्याबरोबर आपली मागणी वाढवता येते तो सुटतो, ज्याची रक्कम एकदा लिहिली ती लिहिली, तो बुडतो.

पैशाच्या बाजारात फारसे न शिरलेल्या जुन्या गावगाड्याने हे वाटप वेगळ्या रीतीने केलेले होते. मराठवाड्यात सालगड्याचे साल गुढीपाडव्याला ठरे, आणि ते ठरवताना रोख रकमेबरोबर ज्वारीचाही वाटा बोलला जाई. बलुतेदाराचे बलुते तर खळ्यावरच्या राशीतून उचलले जाई. ज्वारी पेवात उतरवून, म्हणजे जमिनीत खणलेल्या कोठारात भरून, वरून बुजवून ठेवलेली असे, आणि बाजारात भाव काहीही झाला तरी पायलीभर ज्वारीच्या भाकरी तितक्याच होत. मनुस्मृतीला हे धान्याच्या बाबतीत ठाऊक होते, कारण धान्य, फळ, लोकर आणि वाहणारी जनावरे यांच्या उसनवारीची मर्यादा तिने दुपटीवर न ठेवता पाचपटीपर्यंत वाढवलेली आहे. नाण्याचे माप मात्र या भागातील लोकांच्या देखतच बदलले: निजामाच्या हैदराबाद संस्थानात हाली शिक्का चाले आणि इंग्रजी रुपयाला कलदार म्हणत, ७ हाली म्हणजे ६ कलदार असा हिशेब असे, आणि १९४८ च्या विलीनीकरणानंतर हाली हळूहळू चलनातून गेला. तरीही या धान्यव्यवस्थेला सुवर्णकाळ म्हणणे हा अप्रामाणिकपणा होईल. बलुते महागाईपासून सुरक्षित होते ते जातीला बांधलेले होते म्हणूनच. ज्वारीचा वाटा पक्का होता, पण तो घेताना उभे राहायची जागाही तितकीच पक्की होती. रोख रुपयाने त्या जागेवरून उठण्याची मुभा दिली, आणि आंबेडकरांचा अनुयायी वर्ग शहराकडे गेला तो याच रुपयाच्या आधाराने.

राज्याने आता गावाची जागा घेतलेली आहे, आणि त्याने निराधार वृद्धांसाठीच्या योजनेला श्रावणबाळाचे नाव दिले आहे. श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेत ६५ वर्षांवरील आणि कौटुंबिक उत्पन्न वर्षाला २१ हजारांच्या आत असलेल्या वृद्धांना आधी कित्येक वर्षे महिन्याला ६०० रुपये मिळत, २०१९ मध्ये ते १,००० झाले आणि २०२३ मध्ये १,५००. केंद्राच्या वृद्धापकाळ योजनेचा साठ ते एकोणऐंशी वयासाठीचा वाटा २०० रुपये आहे आणि दीड दशकाहून अधिक काळ तो तेवढाच राहिला. खासगी नोकरीतून निवृत्त झालेल्यांच्या १९९५ च्या योजनेत २०१४ मध्ये ठरलेले किमान १,००० रुपये दहा वर्षांनीही १,०००च होते. येथे महागाईवाढ नाही, सहामाही तपासणी नाही. वाढ होते ती मंत्रिमंडळाच्या मनात येईल तेव्हा, आणि मन बहुधा निवडणुकीच्या आसपास उदार होते. नाव देणाऱ्याने रामायणाच्या कथेचा शेवट ध्यानात घेतला होता की नाही, कोण जाणे. कावडीतील आंधळ्या आईबापांसाठी पाणी भरायला गेलेल्या मुलाच्या घागरीचा आवाज दशरथाने हत्तीचा समजला, आणि बाण मारला. बाण मारणारा दुष्ट नव्हता. तो राजा होता, त्याला समोरचे दिसत नव्हते आणि आपल्या नेमबाजीवर त्याचा गाढ विश्वास होता. चलनवाढीच्या नैतिक स्वरूपाचे याहून नेमके वर्णन अर्थशास्त्राच्या पुस्तकांत मिळणे कठीण आहे. त्या कथेत राजाने स्वतः घागर भरून आंधळ्यांकडे नेली आणि झाले ते सांगितले, इतका प्रामाणिकपणा मात्र कोणत्याही अर्थसंकल्पीय भाषणात आढळत नाही.

राष्ट्रीय कर्जाची दुसरी गाठ पुढच्या पिढीशी आहे. वैदिक परंपरेत माणूस जन्मतःच देव, ऋषी आणि पितर यांचा ऋणी मानलेला आहे, आणि शतपथ ब्राह्मणाने त्यात चौथे मनुष्यऋण जोडले. यातूनच पित्याचे लौकिक कर्ज फेडणे हे पुत्राचे पवित्र कर्तव्य ठरले. त्याला अपवाद होता तो दारू, जुगार अशा अव्यावहारिक, म्हणजे धर्माला न शोभणाऱ्या कारणासाठी काढलेल्या कर्जाचा. २००५ मध्ये हिंदू उत्तराधिकार कायद्यातील दुरुस्तीने हे पवित्र कर्तव्य कायद्याच्या दृष्टीने संपवले, आणि त्यानंतरच्या कर्जासाठी केवळ पुत्र किंवा नातू आहे म्हणून कोणावर दावा लावता येत नाही. घरच्या कर्जातून मुलगा मोकळा झाला, पण देशाच्या कर्जातून त्याला कोणी मोकळे केलेले नाही. ते तो जन्मल्या दिवसापासून करातून फेडू लागतो. १७८९ मध्ये टॉमस जेफर्सनने मॅडिसनला लिहिलेल्या पत्रात पृथ्वी जिवंतांच्या उपभोगासाठी आहे, तेव्हा एका पिढीने दुसरीला कर्जात बांधू नये असे मत मांडले होते. ते तर्कशुद्ध असले तरी पूर्ण पटणारे नाही, कारण जिवंतांमध्ये म्हातारेही असतात, आणि पुढच्या पिढीने रोखा नाकारला तर तो कोरा होतो मागच्या पिढीच्या हातात. स्मृतींचा अव्यावहारिक कर्जाचा निकष येथे अधिक उपयोगी पडतो. कर्ज किती, यापेक्षा ते कशासाठी काढले हा तो निकष आहे: तलावासाठी काढलेले कर्ज नातवाने फेडावे, निवडणुकीच्या तोंडावर वाटलेल्या खैरातीचे का फेडावे?

उदगीर, कंधार, जळकोट या पट्ट्यातील मुस्लिम निवृत्तांपुढे हाच प्रश्न अधिक टोकदार होऊन उभा राहतो. इस्लामी धर्मशास्त्रात रिबा, म्हणजे कर्जाऊ रकमेवरील वाढ, निषिद्ध आहे, आणि अनेक श्रद्धाळू माणसे बँकेचे व्याज स्वतःसाठी न वापरता पुण्याची अपेक्षा न ठेवता देऊन टाकतात. महागाई मात्र त्यांचे मुद्दल इतरांइतकेच झिजवते. मग झिजेची भरपाई ही वाढ मानायची की फक्त परतफेड? १९८८ मध्ये आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने कर्ज जितके घेतले तितकेच फेडावे, ते महागाईच्या निर्देशांकाला जोडू नये, असा निर्णय दिला. त्याच्या सुमारे बाराशे वर्षे आधी हनफी पंथाच्या अबू यूसुफ यांनी तांब्याच्या नाण्यांपुरते मत दिले होते की त्यांचे मूल्य बदलले तर व्यवहाराच्या दिवशीचे मूल्य फेडावे. आजचा कागदी रुपया चांदीच्या दिरहमापेक्षा त्या तांब्याच्या नाण्यालाच जवळचा आहे, आणि म्हणून अबू यूसुफांचे मत निवृत्ताच्या दृष्टीने अधिक न्यायाचे वाटते, हे मान्य करायला हरकत नसावी.

या सगळ्याच्या मुळाशी साठवणीचा प्रश्न आहे. मनुस्मृतीने गृहस्थाचे चार प्रकार सांगून कोठारभर धान्य ठेवणाऱ्याला सर्वांत खाली आणि उद्यासाठी काहीच न ठेवणाऱ्या अश्वस्तनिकाला सर्वांत वर बसवले. शेजारच्या कर्नाटकातील कल्याणच्या बाराव्या शतकातील शरणांमध्ये, म्हणजे लिंगायत संतांमध्ये, सांडलेले तांदूळ वेचून गुजराण करणाऱ्या आयदक्की मारय्याची कथा आहे: एके दिवशी त्याने रोजच्याहून अधिक तांदूळ आणले, आणि त्याच्या बायकोने, लक्कम्माने, ते जास्तीचे परत टाकून यायला लावले. लातूरच्या लिंगायत घरांत ही कथा आजही सांगितली जाते. बुद्धाने सिगाल या गृहस्थपुत्राला केलेला उपदेश वेगळा आहे: कमाईचे चार भाग करावेत, एक उपभोगाला, दोन कामधंद्याला आणि चौथा अडचणीच्या दिवसासाठी राखून ठेवावा. लक्कम्माचा मार्ग तोवरच शक्य आहे जोवर दासोहाची, म्हणजे सामूहिक अन्नदानाची, पंगत उद्याही बसणार याची खात्री आहे. आणि बुद्धाचा मार्ग तोवरच, जोवर चौथा भाग उघडेपर्यंत तो चौथाच राहतो.

जळकोट, अहमदपूर, मुखेडच्या तांड्यांवरून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघणाऱ्या जोडप्याला, ज्याला त्या धंद्यात कोयता म्हणतात, या दोन्ही मार्गांपैकी एकही मोकळा नाही. हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत ते ऋणको असते, आणि गुडघे गेले की कोयताच मोडतो, कारण अर्ध्या कोयत्याला पूर्ण उचल मिळत नाही. पंचवीस-तीस हंगाम तोडलेल्या उसाची साखर झाली, साखरेवर कर बसला, त्या करातून कर्जाचे व्याज गेले आणि ठेवीदारांना त्यांचे व्याज पोचले. उचलीचा आकडा मुकादमाच्या वहीत तारखेसह लिहिलेला सापडतो. त्या जोडप्यातल्या बाईचे जे येणे आहे त्याची वही नाही. पासष्टीनंतर ती तहसील कार्यालयात वयाचा दाखला आणि २१ हजारांच्या आतील उत्पन्नाचा दाखला घेऊन रांगेत उभी राहते, आणि तेथील अर्जावर तिचे नाव लाभार्थी या रकान्यात भरले जाते.